छत्तीसचा रोल, बाराचा रोल, एकेक शीट: फिल्मवर नव्याने फोटो काढणाऱ्यांसाठी

फिल्मवर फोटो काढायची हौस मुंबईत पुन्हा दिसायला लागली आहे. फोर्टातल्या बोरा बाजारात जुने कॅमेरे बघत फिरणाऱ्यांत कॉलेजची मुलंमुली असतात आणि दुकानदाराला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातला चांगला कुठला?" प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी. फिल्म कुठल्या आकाराची वापरणार? एकदा तो आकार ठरला की तुम्ही दिवसभरात किती वेळा शटर दाबाल, दाबण्याआधी किती थांबाल, ट्रायपॉड लागेल की नाही आणि धुऊन आलेल्या फोटोंपैकी किती ठेवावेसे वाटतील, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतं.

जाणकारांकडून एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते की फिल्म जितकी मोठी तितके चांगले फोटो निघण्याचं प्रमाण जास्त. मी तिन्ही मुख्य आकारांवर काम करतो आणि माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. मोठी फिल्म तुम्हाला काळजी घ्यायला भाग पाडते, हे खरं. पण काळजी नेमकी कशाची घ्यायची हे आधी माहीत नसेल तर महागड्या शीटवर वेगळ्या जातीच्या चुका होतात, इतकंच. म्हणून या लेखात मी एक क्रम सांगतो आहे: आधी ३५ मिमी, मग १२० आणि मग शीट. प्रत्येक टप्प्यावर काय शिकायचं आणि ते पुन्हा छोट्या फिल्मवर कसं आणायचं, तेही सांगतो.

आकार आणि आकडे

३५ मिमीच्या फिल्मवर एका फोटोची चौकट २४ बाय ३६ मिमीची असते. रोल ३६ फोटोंचा असतो, काही २४चे मिळतात. आज आपण वापरतो ती डबी, म्हणजे १३५ नंबरचं कार्ट्रिज, कोडॅकने १९३४ साली आणलं. १२० नंबरचा रोल त्याहून जुना, १९०१चा. तो साधारण ६ सेंटिमीटर रुंद, मागे काळा कागद लावलेला. त्यावर किती फोटो बसतील हे कॅमेऱ्यावर ठरतं: ६ बाय ४.५ असेल तर १५ किंवा १६, ६ बाय ६ असेल तर १२, ६ बाय ७ असेल तर १० आणि ६ बाय ९ असेल तर ८. आपल्याकडे अनेक घरांत आग्फाचा क्लिक थ्री असायचा. आजी-आजोबांच्या अल्बममधले चौकोनी फोटो बऱ्याचदा त्याच्याच १२च्या रोलवरचे असतात.

तिसरा प्रकार शीट फिल्मचा. यात रोल नसतोच, सुटे तुकडे असतात. ४ बाय ५ इंच हा सर्वांत रुळलेला आकार, त्याच्यावर ८ बाय १०. शीट उजेडापासून झाकून कॅमेऱ्यात बसवायच्या सपाट चौकटीला होल्डर म्हणतात; एका होल्डरमध्ये दोन शीट बसतात, एक पुढे आणि एक मागे.

क्षेत्रफळ काढून बघा. ३५ मिमीची चौकट ८६४ चौरस मिमी. ६ बाय ६ची प्रत्यक्ष चौकट ५६ बाय ५६ मिमी, म्हणजे ३,१३६ चौरस मिमी, साडेतीनपटीहून थोडी जास्त. ४ बाय ५ची शीट ३५ मिमीच्या तेरापटीच्या आसपास जाते. ८ बाय १० इंची प्रिंट काढायची तर ३५ मिमीचं निगेटिव्ह सातआठ पट मोठं करावं लागतं, ४ बाय ५चं फक्त दुप्पट. कमी मोठं करायचं म्हणजे दाणे कमी दिसतात, छोटा ओरखडा किंवा धुळीचा कण तितका सतावत नाही आणि राखाडी छटा मऊ उतरतात. मोठ्या फिल्मचं तांत्रिक यश इथून येतं आणि त्यात फोटोग्राफरचं कर्तृत्व काहीच नाही. हा भाग बाजूला काढून ठेवला की उरलेलं नीट दिसतं.

फिल्म मोठी झाली की हात का मंदावतो

लोक म्हणतात, मोठी फिल्म महाग म्हणून माणूस जपून वापरतो. पैशाचा भाग आहेच. १२०चा रोल आणि ३५ मिमीचा रोल यांच्या किमतीत फार फरक नसतो, पण एकावर १२ फोटो आणि दुसऱ्यावर ३६, म्हणजे दर दाबामागे खर्च जवळजवळ तिप्पट. शीट त्याहून कितीतरी महाग. पण पैसा बाजूला ठेवला तरी हात मंदावतोच, कारण त्यामागे लेन्सचं गणित आहे.

डोळ्याला नैसर्गिक वाटेल असं दृश्य टिपायला ३५ मिमीवर ५० मिमीची लेन्स लागते, ६ बाय ६वर ८० मिमीची, ४ बाय ५वर १५० मिमीची. लेन्स लांब झाली की त्याच अॅपर्चरला (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) फोकसमध्ये राहणारी खोली कमी होते. समजा, माणूस २ मीटरवर उभा आहे आणि तिन्ही लेन्सचं अॅपर्चर एफ ५.६वर आहे. ३५ मिमीवर साधारण अर्धा मीटर खोली नीट येते, ६ बाय ६वर साधारण ३५ सेंटिमीटर आणि ४ बाय ५वर फक्त २० सेंटिमीटर. म्हणजे डोळे फोकसमध्ये आणि कानामागचे केस फोकसबाहेर, अशी अवस्था. खोली वाढवायची तर अॅपर्चर लहान करा, एफ १६, एफ २२. मग प्रकाश कमी पडतो, शटर मंद करावं लागतं. शटर मंद झालं की कॅमेरा हातात धरता येत नाही, ट्रायपॉड लागतो. ट्रायपॉड आला की जागा आधी निवडावी लागते, आणि एकदा निवडली की तिथून हलायचा कंटाळा येतो. ही साखळी डोक्यात पक्की बसवा. मोठ्या फिल्मवर काम करणाऱ्याचा शांतपणा स्वभावातून कमी आणि या साखळीतून जास्त आलेला असतो.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यासमोर माणूस साहजिकच हलत नसलेली गोष्ट ठेवतो. इमारत, तळं, खुर्चीत बसलेले आजोबा. अशा विषयांत फोटो फसण्याची शक्यता मुळातच कमी. त्यामुळे कुणी सांगितलं की "माझ्या दहा शीटपैकी आठ चांगल्या येतात," तर आधी विचारा, कशाच्या? गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत आठ येत असतील तर मी त्यांना हात जोडीन. एशियाटिकच्या टाउन हॉलचे खांब असतील तर दहाच्या दहा यायला हव्या होत्या.

पहिली पायरी: ३५ मिमी, पण बाराचा रोल

सुरुवात ३५ मिमीवरच करा. कॅमेरे मिळतात, दुरुस्त करणारे अजून आहेत, रोल धुऊनही मिळतो. पहिला कॅमेरा पूर्ण हाताने चालवायचा घ्या, ज्यात शटर आणि अॅपर्चर तुम्हीच लावाल. प्रकाश मोजणारा मीटर चालत असेल तर बरं, बंद असेल तरी काम अडत नाही.

रोल भरताना फिल्मची जीभ दुसऱ्या बाजूच्या स्पूलमध्ये नीट अडकवा, झाकण लावण्याआधी एकदा लिव्हर ओढून दोन्हीकडचे दाते फिल्मच्या भोकांत बसलेत का बघा. झाकण लावल्यावर दोन फोटो रिकामे काढायचे आणि त्या वेळी डावीकडच्या रिवाइंडच्या बटणावर नजर ठेवायची. ते फिरतंय म्हणजे फिल्म पुढे सरकतेय. ते फिरत नसेल तर तुम्ही पुढचे ३६ फोटो हवेत काढणार आहात. नवशिक्यांचा आख्खा रोल कोरा येतो तो बहुतेक वेळा इथेच.

प्रकाशाचा अंदाज बांधायला जुना नियम पाठ करा: लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा). आयएसओ १००ची फिल्म असेल तर शटर एक शंभरांश सेकंद, कॅमेऱ्यावर सगळ्यांत जवळचं १२५. पावसाळी ढगाळ दिवशी तीन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे एफ ५.६. आभाळ काळवंडून आलं असेल तर एफ ४. मुंबईत एप्रिल-मेचं दुपारचं ऊन इतकं उभं पडतं की भुवयांखाली काळे खड्डे होतात. एक्स्पोजर अचूक असूनही चेहरे बिघडतात. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर बाहेर पडा, नाहीतर दुपारी सावलीतल्या गल्ल्या धरा. खोताच्या वाडीतल्या अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीवरून परतणारा प्रकाश दुपारीही मऊ असतो.

नवशिक्यांनी रंगीत निगेटिव्ह किंवा ब्लॅक अँड व्हाइट घ्यावी. या दोन्ही फिल्म चुकीचा थोडाफार हिशेब पोटात घेतात, विशेषतः प्रकाश जास्त पडला तर. स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते. ती नंतर घ्या.

आता मुख्य सराव. ३६चा रोल हातात असला की पहिले दहा फोटो विचार करून काढले जातात, शेवटचे सहा रोल संपवायचा म्हणून. त्यावर एक उपाय आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म १०० फुटांच्या टिनमध्ये मिळते. त्यातून ३६चे साधारण १८ रोल होतात. बल्क लोडर, म्हणजे टिनमधली फिल्म डबीत भरायचं छोटं यंत्र, वापरून त्यातूनच १२चे छोटे रोल भरा. रिकाम्या डब्या लॅबवाले मागितल्यावर देतात. भरताना पुढच्या-मागच्या भागासाठी थोडी जास्त फिल्म सोडावी लागते, म्हणून थोडी वाया जाते, पण मोठ्या फिल्मची शिस्त छोट्या फिल्मच्या खर्चात अंगवळणी पडते. बारा फोटो, एक जागा, एक सकाळ. दादरच्या फुलबाजारात बारा फोटो घेऊन पहाटे उभं राहिलात की कुणाच्या हाताकडे बघायचं, हारांच्या ढिगाकडे कधी वळायचं, टेम्पो मध्ये येण्याआधी किती क्षण आहेत, हे सगळं आपोआप मोजलं जातं.

पण याच्या उलटही करायला हवं, आणि ते मी आग्रहाने सांगतो. काही सकाळी ३६चा रोल मुद्दाम एकाच गोष्टीवर संपवा. वरळी कोळीवाड्यात जाळं विणणारे काका असतील तर त्यांची परवानगी घ्या, शेजारी बसा आणि ३६च्या ३६ त्यांच्यावरच काढा. यातले तीसेक फोटो टाकाऊ निघतील. ते टाकाऊ फोटो म्हणजे तुम्ही शोध घेत होता त्याचे पुरावे आहेत. हलत्या जगात नेमका क्षण आधी कळत नाही, तो काढता काढता सापडतो. ३५ मिमीची खरी ताकद ही आहे, आणि यशाचं प्रमाण वाढवायच्या नादात ती गमावू नका.

दुसरी पायरी: १२०

बाराबाराचे छोटे रोल वापरून हात बसला की १२०कडे जा. ट्विन लेन्सचा, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला, जुना कॅमेरा सुरुवातीला उत्तम, हलका आणि भक्कम. त्याचं शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे आवाज अगदी हलका आणि धक्का जवळजवळ नाही. ६ बाय ७च्या मोठ्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, आरसा केवढा असतो बघा. तो वर उचलला जातो तेव्हा कॅमेरा थरथरतो आणि एक तीसांश-एक पंधरांशच्या आसपास ट्रायपॉडवरही फोटो हलू शकतो. अशा कॅमेऱ्यात आरसा आधी वर करून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, शिवाय केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार) लावा.

१२०चा रोल सावलीतच भरा. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळेपर्यंत फिरवा, मग झाकण. कागदावर बोटाचा हलका दाब ठेवत रहा. रोल सैल गुंडाळला गेला की कडांमधून प्रकाश शिरतो आणि फोटोच्या बाजूला पांढुरके किंवा नारिंगी पट्टे येतात. संपलेला रोल काढताना घट्ट आवळून पट्टी चिकटवा आणि लगेच काळ्या पिशवीत टाका. पावसाळ्यात ही पट्टी नीट चिकटत नाही, म्हणून बॅगेत दोनचार रबरबँड असू द्या.

इथे चुकांची जात बदलते. ३५ मिमीवर फोटो फसतो तो बहुधा हात हलल्यामुळे किंवा क्षण निसटल्यामुळे. १२०वर फसतो तो फोकसमुळे. वरून बघायच्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळे माणूस चौकटीत घ्यायला तुम्ही कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळवता. काही दिवसांत सवय होते. भिंगाची झडप उघडून डोळ्याच्या काळ्या बुबुळावर फोकस करा, मग मान वर करून माणसाशी बोला, आणि तो पुढे-मागे झुकला का एवढंच बघा. झुकला असेल तर पुन्हा फोकस. ट्विन लेन्समध्ये तुम्ही वरच्या लेन्समधून बघता आणि फोटो खालची काढते, हेही विसरू नका. जवळून काढताना डोक्याच्या वर जास्त जागा ठेवली नाही तर केस कापले जातात.

माणसांचे पोर्ट्रेट शिकायला १२०सारखं दुसरं काही नाही. कॅमेरा पोटाशी असतो, तुमचा चेहरा उघडा असतो, समोरचा तुमच्याशी बोलू शकतो. बारा फोटोंत ओळख वाढत जाते आणि साधारण सातव्या-आठव्या फोटोपासून माणूस सैल होतो. म्हणून पहिल्या दोनतीन फोटोंतच रोलचा निकाल लावू नका.

होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे फोटो या नजरेने बघा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, मुंबईत कामाला सुरुवात केलेल्या या आपल्या पहिल्या महिला छायापत्रकार. स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स हे त्यांचे कॅमेरे, म्हणजे शीट आणि १२०. हलणारे पुढारी, गर्दी, समारंभ, आणि हातात मोजकी फिल्म. अशा वेळी गर्दीत कुठे उभं राहायचं, फोकस आधी कुठल्या अंतरावर लावून ठेवायचा आणि माणूस त्या अंतरात येईपर्यंत कसं थांबायचं, यावरच सगळा खेळ असतो. हीच युक्ती आज ३५ मिमीवर वापरता येते: ३ मीटरवर फोकस लावा, एफ ८ ठेवा आणि माणसाला तुमच्या अंतरात येऊ द्या.

तिसरी पायरी: शीट

इथे घाई करू नका. शीटचा कॅमेरा विकत घेण्याआधी कुणाकडे असेल तर एक दिवस सोबत जा, होल्डर उचला, काळ्या कापडात डोकं घाला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दृश्य उलटं-सुलटं दिसतं, खालचं वर आणि डावं उजवीकडे. नवशिक्यांना त्याचा त्रास होतो, पण मांडणी शिकायला त्याचा फायदाच होतो, कारण माणूस, मंदिर, पायरी ही नावं पुसली जातात आणि फक्त आकार दिसतात. वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पायऱ्या उलट्या बघितल्या की कुठली रेघ जड आहे ते पटकन कळतं.

सगळ्यांत कठीण काम मुंबईच्या घामात शीट भरण्याचं. मे महिन्याच्या संध्याकाळी चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे अंधारात फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत, दोन्ही हात कोपरापर्यंत घातले की पाचच मिनिटांत आतली हवा दमट होते, बोटं ओली होतात, आणि ओलं बोट फिल्मला लागलं की तिथे कायमचा ठसा. म्हणून शीट सकाळी लवकर भरा, आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, शक्य असेल तर पातळ सुती हातमोजे घाला, आणि एका वेळी दोनच होल्डर बॅगेत घ्या. पंखा चालू असेल तर धूळ उडते. होल्डर भरण्याआधी मऊ ब्रशने झटका. शीट कडेनेच धरायची. एका कोपऱ्यात कंपनीने खाचा कापलेल्या असतात. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की फिल्मची रासायनिक बाजू तुमच्याकडे आहे. उलटी भरलेली शीट म्हणजे फोटो गेला. आधी एखादी वाया गेलेली शीट घेऊन उजेडात भरायचा सराव करा, मग डोळे मिटून आणि त्यानंतर बॅगेत.

होल्डरमधली शीट झाकणारी सरकती पट्टी म्हणजे डार्क स्लाइड. तिच्या मुठीची एक बाजू पांढरी किंवा चंदेरी, दुसरी काळी. पांढरी बाहेर म्हणजे आत कोरी फिल्म, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झाला. पांढऱ्या बाजूवर उंचवटे असतात, अंधारात बोटाला कळावं म्हणून. हा नियम कधीच मोडायचा नाही.

फोटो काढताना क्रम ठरवून घ्या आणि तो मोठ्याने म्हणा, लाजायचं नाही. लेन्स उघडली, फोकस केला, अॅपर्चर लावलं, शटर बंद केलं, शटर चढवलं, होल्डर घातला, डार्क स्लाइड काढली, थांबलो, दाबलं, डार्क स्लाइड काळी बाजू बाहेर ठेवून परत घातली. यातली "शटर बंद केलं" ही पायरी वगळली तर डार्क स्लाइड काढताक्षणी शीट उजेड खाते. शीटवरच्या चुका अशाच असतात, कार्यपद्धतीच्या. नजर चुकत नाही, क्रम चुकतो. एकाच शीटवर दोन फोटो, उलटी शीट, उघडं शटर. यातली एकही चूक ३५ मिमीवर काम करताना तुम्हाला भेटलेली नसते.

जवळून काढताना लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता लांब होतो आणि प्रकाश कमी पोहोचतो. १५० मिमीची लेन्स फिल्मपासून २१० मिमीवर गेली तर एक स्टॉप जास्त द्यायचा, ३०० मिमीवर गेली तर दोन. शटर लांब गेलं की फिल्मची संवेदनशीलताही कमी पडते. इल्फर्डच्या एचपी ५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० सेकंद द्यावे लागतात. सांजवेळी एफ २२वर काम करताना ही गोष्ट रोज लागते.

आणि एक गोष्ट शीटवाल्यांच्या यशाच्या प्रमाणात फार मोठी आहे: तोच फोटो दोन शीटवर काढा. होल्डरची एक बाजू, मग दुसरी, एक्स्पोजर तेच. आधी एकच धुवा, बघा, आणि दुसरीची धुण्याची वेळ त्यानुसार कमीजास्त करा. रोलमध्ये हे शक्य नाही, कारण सगळे फोटो एकाच द्रावणात एकाच वेळी धुतले जातात. म्हणजे आठ यशस्वी शीट म्हणणाऱ्याच्या मागे कधीकधी सोळा शीट असतात.

भर दक्षिण मुंबईत मोठा ट्रायपॉड उघडला की पोलीस किंवा सुरक्षारक्षक हटकतात. रेल्वे स्थानकं, गोदी, सरकारी इमारती यांच्या आत-बाहेर परवानगीशिवाय मांडामांड करू नका. बाणगंगा, खोताची वाडी अशा ठिकाणी रहिवाशांना आधी सांगा, काचेवर त्यांनाही डोकावू द्या. मोठा कॅमेरा बघून लोक उत्सुक होतात आणि थांबून सहकार्य करतात, हा शीटचा अनपेक्षित फायदा.

मुंबईची हवा

तिन्ही आकारांना एकच शत्रू, दमटपणा. फिल्म फ्रिजमध्ये बंद पाकिटातच ठेवा आणि वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढा, पाकीट थंड असताना उघडलं की फिल्मवर पाणी धरतं. एसी लोकलमधून उतरल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरतं. तेव्हा पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेत ठेवून पंधरावीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात कोंडून ठेवल्या की बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आठवड्यातून एकदा वापर, एवढं केलं तरी पुष्कळ. मेट्रो आणि मॉलच्या दारातल्या एक्सरे यंत्रातून कमी आयएसओची फिल्म एकदा गेली तर फारसं बिघडत नाही, पण रोजच्या फेऱ्या साचत जातात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

घरी ब्लॅक अँड व्हाइट धुणार असाल तर तापमान बघा. कंपन्यांच्या वेळा २० अंश सेल्सिअसच्या असतात आणि आपल्या नळाला अनेक महिने २७-२८ अंशांचं पाणी येतं. कोमट पाण्यात डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) वेगाने काम करतो, वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डाग पडतात. दोन मार्ग आहेत. एक, परातीत बर्फाचं पाणी घेऊन बाटल्या त्यात बुडवून थंड करायच्या. दोन, डेव्हलपर पातळ करायचा. एचपी ५ प्लसला आयडी ११ नावाचा डेव्हलपर एकास एक पातळ करून २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २७ अंशांना ती वेळ सातेक मिनिटांवर येते, आणि सात मिनिटं हाताळण्यासारखी आहेत. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवा. शीटसाठी हे जास्त जपा, कारण मोठ्या मोकळ्या आभाळात असमान धुलाई लगेच दिसते.

यश मोजायचं कसं

वही ठेवा. रोल धुऊन आला की कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच आकाराचे सगळे फोटो एका कागदावर) काढा किंवा निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंगातून बघा, आणि प्रत्येक फोटोसमोर दोन खुणा करा. पहिली, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का. दुसरी, मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावाल का. या दोन खुणांमधलं अंतर आकारानुसार बदलतं. ३५ मिमीवर तांत्रिक चुका जास्त, पण भिंतीवर लावायचे फोटो अनपेक्षित जागी सापडतात. शीटवर बहुतेक सगळं तांत्रिकदृष्ट्या शुद्ध असतं आणि भिंतीसाठी मन होत नाही, असंही पुष्कळदा होतं.

फसलेल्या प्रत्येक फोटोसमोर एक शब्द लिहा: हात, फोकस, प्रकाश, क्षण, मांडणी, क्रम. चारपाच रोलनंतर कुठला शब्द सगळ्यांत जास्त आला ते बघा. "हात" जास्त असेल तर शटर वेगवान करा किंवा आयएसओ ४००ची फिल्म घ्या, मोठ्या फिल्मकडे वळू नका, ती आणखी मंद शटर मागेल. "फोकस" जास्त असेल तर १२० घेण्याआधी ३५ मिमीवर एफ २.८ला माणसांचे जवळून फोटो काढायचा सराव करा. "मांडणी" जास्त असेल तर खुशाल ट्रायपॉड आणि मागे मोठी काच असलेला कॅमेरा घ्या, तिथे तुम्हाला मदत मिळेल. "क्षण" जास्त असेल तर ३५ मिमीवरच रहा आणि रोल वाढवा. "क्रम" हा शब्द आला तर होल्डरला कागदी पट्टी चिकटवून त्यावर पायऱ्या लिहा.

वहीत फोटोच्या नंबरासमोर जागा, वेळ, शटर, अॅपर्चर लिहायची सवय शीटवर आपोआप लागते, कारण दोन फोटोंमध्ये वेळ असतो. तीच ३५ मिमीवरही लावून घ्या, निदान दर चारपाच फोटोंनंतर. निगेटिव्ह धुऊन सुकली की त्याच दिवशी कापून निगेटिव्ह ठेवायच्या पारदर्शक बाह्यांमध्ये घाला, बाहीवर वहीतला रोल नंबर लिहा आणि फाइल भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि कपाटाची मागची बाजू सगळ्यात आधी भिजते.